बांगड्या काढलेले हात

दीपा माझी कॉलेजातली मैत्रीण. लग्न होऊन कळंबला गेली. तिचं पहिलं बाळ पाचवीनंतर लगेच गेलं. अंगावर फोड यायचे, कातडी सुटायची. कशानं, ते कळलं नाही.

त्या बाळाला तिच्या सासूनं, इंदूबाईंनी, तेल लावून न्हाऊ घातलं होतं. आळीतली कितीतरी मुलं त्यांच्याच हातांनी न्हायलेली. पण नातू गेल्यावर त्यांनी कुणाचं बाळ हातात घेतलं नाही.

गेल्या वर्षी मुलगी झाली. एका नडगीवर जन्मतःच कातडी नव्हती. नागपूरच्या डॉक्टरांनी आजार ओळखला. आनुवंशिक आहे. कातडीचे थर एकमेकांना धरून राहत नाहीत. घासलं की फोड. नडगी भरून येईल, आजार राहील.

दीपा सगळं शिकली. कपडे उलटे घालायचे, शिवण बाहेर. चिकटपट्टी नाही. काखेत हात घालून धरायचं नाही, मऊ गादीसकट उचलायचं. पण पट्टी बदलायला दोन माणसं लागतात. नवरा, अतुल, सकाळीच कामावर जायचा. इंदूबाई दारातून पाहायच्या.

"आई, धरा ना जरा."

"नाही बाप्पा. एक पोट्टं माह्या हातानं गेलं."

"तुमच्या हातानं नाही. अर्धा दोष माहा, अर्धा तुमच्या पोराचा. तुमचा वाटाच नाही त्यात."

"अन् पोरगा कोणाचा? शेजारणीचा?"

हे मला फोनवर सांगताना दीपा हसली. मला हसता आलं नाही.

मग तिनं वरवंट्याला टोपडं घातलं, गादीवर निजवलं आणि सासूपुढे ठेवलं. "हिले उचला. हिले काई होत नाही." रोज दुपारी इंदूबाई तो दगड उचलू लागल्या. बाळाला मात्र हात लावेनात.

बारशाला मी गेले होते. रीतीप्रमाणे आधी वरवंटा पाळण्याच्या वरून-खालून फिरला.

"हा तं इंदीचा सरावाचा नातू!" शेजारच्या गंगामावशी म्हणाल्या. बायका हसल्या.

आता बाळाची पाळी. गाणं थांबलं. सगळ्या मागं सरकल्या.

"आई," दीपा एवढंच म्हणाली.

इंदूबाई पुढे आल्या. हिरव्या बांगड्या एकेक करून काढू लागल्या.

"इंदे! सवाष्ण हायेस व! शुभाच्या दिवशी?" गंगामावशी ओरडल्या.

"काच लागते पोरीले."

ओट्यावर सदाशिवराव बसले होते, दीपाचे सासरे. तिथूनच म्हणाले, "काढ, काढ. मले काई होत नाही. मी दणकट आहो."

इंदूबाईंनी तळहात गादीखाली घातले. उचललं. पाळण्यावरून नेलं, खालून आणलं. आत्यानं कानात नाव सांगितलं, उर्वशी. पाळण्याला धक्का लागू नये म्हणून त्या दिवशी आत्याच्या पाठीत कुणी रीतीचा धपाटा घातला नाही.

दुसऱ्या दिवशी दीपाचा फोन आला. उर्वशीच्या पाठीवर एकही नवा फोड नव्हता.

"देवाचे उपकार," मी म्हटलं.

"देवाचे असतीलच," ती म्हणाली. "आधी आईचे."

मागून इंदूबाईंचा आवाज आला. "फोन ठेव व. पट्टी बदलाची हाय. बांगड्या काढून बसली मी."