पोपटतोंड्या देव

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, लेकींना नाही. नातवंडांना तर मुळीच नाही — ती मला 'लेखिका आजी' म्हणून चारचौघांत मिरवतात. तुम्ही जरा जवळ सरका.

माझ्या नावावर उभ्या जन्मात एकच कथा छापून आली. पुण्याच्या एका दिवाळी अंकात. विज्ञानकथा — हसू नका! शिंदखेड्याजवळच्या खेड्यात, ओट्यावर शेंगा फोडत विज्ञानकथा. आखातातली लढाई तेव्हा टीव्हीवर रोज दिसायची. कथेत इजिप्तचे जुने देव परत येतात आणि जगाचा कारभार हातात घेतात. ससाण्याच्या तोंडाचा विमानं सांभाळतो, मगरीच्या तोंडाचा तेलाच्या विहिरी. आणि कोल्ह्याच्या तोंडाचा देव मेलेल्या शिपायांची काळजं जोखतो — कापसाच्या जिनिंगमधल्या लबाड मापाड्यासारखा, काटा मारून! ज्याचं काळीज जड भरेल त्यानं पुन्हा उठून लढायला जायचं. याच्या काट्यावर सगळ्यांचंच जड भरतं. मग लढाई संपणार कशी? शेवटी कापूस वेचणारी एक बाई पुढे होते. म्हणते, आधी तुमची काळजं ठेवा पारड्यात. देव ठेवतात — आणि पारडं हलतसुद्धा नाही.

काय कथा आहे, नाही? माझी नाही ती.

ती अक्काची. अक्का म्हणजे माझी थोरली जाऊ, शाळेची पायरी न चढलेली. लेकाच्या इतिहासाच्या पुस्तकात तिनं ते जनावरतोंडे देव पाहिले, आणि रोज दुपारी एकेक तुकडा रचून सांगायला लागली. हसून हसून आमच्या तोंडातले दाणे उडायचे. आणि मी? कॉलेज शिकलेली, नाक कायम आढ्याला टेकलेलं — मी गुपचूप वहीत उतरवत होते. शुद्ध मराठीत, बरं का! अक्काचा प्रत्येक 'शे' खोडून तिथं 'आहे'. फक्त कोल्ह्या देवाची एक आरोळी नजरेतून सुटली — "बठ्ठं आमनंच शे!" म्हणजे, सगळं आमचंच!

नेमकी तीच संपादकांना भावली. पुण्यात सत्कार ठरला. सोबतीला अक्का आली, नवं कोरं लुगडं नेसून, पहिल्या रांगेत. तिला वाटलेलं — काय वाटलं असेल तिला? मी कधी विचारलं नाही. संपादक माईकवरून म्हणाले, "सुमनताई, देवांच्या तोंडची ती प्राचीन इजिप्तची भाषा कुठून मिळवलीत?"

आमची अहिराणी! प्राचीन इजिप्तची! आणि ही शहाणी काय म्हणाली असेल?

"बराच अभ्यास करावा लागला."

अक्का खुर्चीतून अर्धी उठली. "व माय! हाई त मनी गोट शे!"

आपली गोष्ट तिनं ओळखली. सगळं सभागृह वळलं. या कोण, असं संपादकांनी विचारलं. एका वाक्याचं काम होतं — या माझ्या जाऊबाई, कथा यांचीच. एवढंच. पण मी म्हणाले, "गावाकडच्या आहेत. सोबतीला आल्यात. त्यांना यातलं काही कळत नाही."

अक्का बसली. पदर सारखा केला. आणि टाळ्या वाजवल्या — सगळ्यांपेक्षा जोरात.

परतीच्या एसटीत धुळे जवळ आलं तशी ती शेजारच्या बायकांना गोष्ट सांगायला लागली. देवांच्या दरबारात म्हणे नवा देव आला. पोपटाच्या तोंडाचा. अंगावर शाल, मांडीवर नारळ.

"त्यानं नाव काय व, अक्का?" एकीनं विचारलं.

"नाव नही शे त्याले. लोकेसनंच बोलस तो, आन टाळ्या लेस!"

लोकांचंच बोलून टाळ्या घेणारा देव! बस खदखदली. कंडक्टरसुद्धा तिकिटं फाडायचा थांबला. सगळ्यांत मोठ्यानं कोण हसलं? मी! सत्काराच्या नारळावर शाल ओढून, कुणी ओळखू नये म्हणून. अक्कानं शेंग फोडली, दाणे माझ्या तळहातावर ठेवले.

"खाय, मिठू."

जाईपर्यंत ती मला मिठूच म्हणायची. घरच्यांना ते लाडाचं नाव वाटायचं, आणि मी वाटू दिलं.

अंक अजून कपाटात आहे. कथेखाली नाव माझं आहे. गोट अक्कानी शे.