धोतराखालचा ड्रम

आमच्या घरात मला ड्रम वाजवायची बंदी एका कावळ्यानं घातली आणि परवानगी मेलेल्या आजोबांनी दिली. अप्पा आणि आई जिवंत होते, घरातच होते. पण त्यांना कोण विचारतो!

आजोबांना घरात सगळेच अण्णा म्हणत. हुबळीच्या बाजारात आमचं तांब्या-पितळेच्या भांड्यांचं दुकान. गिऱ्हाईक आलं की अण्णा हंडा उचलायचे, मधल्या बोटाच्या पेरानं टण्णकन वाजवायचे आणि म्हणायचे, "आवाज ऐका. भांडं खोटं बोलत नाही." मी तिथंच पराती उपड्या घालून पळीनं बडवत मोठी झाले. तेव्हा अण्णा कौतुकानं मान डोलवायचे. पुढं मी विद्यानगरला एका सरांकडं ड्रम शिकायला लागले, कॉलेजच्या बँडमध्ये शिरले आणि जुना का होईना, अख्खा ड्रमसेट घरी आणला. त्या दिवसापासून मान डोलायची थांबली.

"या घरात आवाज दोनच," अण्णा म्हणाले. "एक भांड्यांचा, एक माझा."

(तिसरा आवाज अक्काआत्याचा होता, पण ते तिच्या तोंडावर म्हणायची छाती अण्णांचीही नव्हती. ती अप्पांची थोरली बहीण, आणि आमच्या घरचं हायकोर्ट.)

मग अण्णा गेले. झोपेत, शांतपणे, घरातल्या मागच्या खोलीत. दहाव्याला आम्ही सगळे रायापूरजवळ ओळखीच्यांच्या विहिरीवर जमलो. पिंड ठेवला. कावळे भरपूर होते, पण एकही जवळ येईना. सगळे दूरच्या भिंतीवर ओळीनं बसून आमच्याकडं टक लावून बघत होते. एक कावळा ओरडेल तर शपथ! मला तर वाटलं, ते माझ्याकडंच बघतायत.

"अण्णा, दुकान नीट सांभाळतो," अप्पा हात जोडून म्हणाले. कावळे ढिम्म.

"तुमच्या तुळशीला रोज पाणी घालीन," आई म्हणाली. ढिम्म.

अर्धा तास गेला. डोक्यावर ऊन, पोटात भूक. शेवटी अक्कानं माझ्याकडं बोट दाखवत अप्पांना सुनावलं. "हिच्या त्या ढणढणाटात अडकलाय बघ त्यांचा जीव! बंद करतो म्हण की रे!"

अप्पांनी माझ्याकडं बघितलं. मग खाली मान घालून पुटपुटले, "अण्णा, पोरीचं ड्रम वाजवणं बंद करतो."

एक कावळा उडाला, सरळ येऊन पिंडावर बसला, आणि नुसता शिवला नाही, चांगला पोटभर जेवला! अक्काच्या डोळ्यांत समाधानाचं पाणी आलं. माझ्याही डोळ्यांत पाणी होतं, पण ते वेगळं. तीन आठवड्यांवर धारवाडच्या कॉलेजात आमच्या बँडचा पहिला मोठा कार्यक्रम होता. मी नाही गेले तर माझ्या जागी दुसरा ड्रमर बसणार होता, आणि एकदा बसलेला ड्रमर कधी उठत नाही.

ड्रमसेट अण्णांच्या रिकाम्या खोलीत गेला, बरोब्बर त्यांच्या फोटोखाली. धूळ बसू नये म्हणून अक्कानं त्याच्यावर अण्णांचंच पांढरं धोतर टाकलं. आता काय झालं, वरची झांज झाली डोकं, बाजूचे दोन ड्रम झाले खांदे, आणि खालचा मोठा ड्रम झाला पोट. दारातून बघितलं की हुबेहूब अण्णा डोक्यावरून धोतर घेऊन बसलेत! कामाच्या गंगव्वानं एकदा आत डोकावलं, "अय्यो शिवा!" म्हणाली आणि ती खोली झाडायची कायमची सोडली.

दुसऱ्याच आठवड्यात दुपारी माझ्या काठ्या घ्यायला मी आत गेले. (वाजवायला नाही. नुसत्या हातात धरायला. आता याला पण कावळ्याची हरकत आहे का?) वीज गेली होती. बाहेर ओसरीवर अप्पा फोनवर कुणाशीतरी बोलत होते. पंखा बंद, खिडकी लावलेली, उदबत्तीचा शिळा वास. मी काठ्यांना हात लावला, आणि धोतराच्या आतून आवाज आला.

झर्रर्र.

घशात कफ अडकलेला म्हातारा काहीतरी बोलायला बघतोय, तसा. मी हात मागं घेतला. पुन्हा झर्रर्र! मी मागच्या मागं जी सुटले ती दारात अक्काला धडकले. तिच्या हातात माझ्यासाठी चहा होता. तो तिच्या अंगावर.

"काय गं, डोळे फुटले काय!"

"अक्का, ड्रम बोलला!"

"वाजवायला मिळेना म्हणून नाटकं," अक्का पदर झटकत म्हणाली. "मी बघते." ती फोटोपुढं बसून आपल्या चिरक्या आवाजात स्तोत्र म्हणायला लागली. ड्रम गप्प. मला वेड लागलं असं ती जाहीर करणार, इतक्यात बाहेरून अप्पा आले. अप्पांचा आवाज म्हणजे विहिरीतून आल्यासारखा.

"एनाय्तु? काय झालं?"

झर्रर्र!

अक्कानं स्तोत्र अर्धवट सोडलं. "अण्णा?" ती म्हणाली. ड्रम गप्प. "अण्णा, मी अक्का!" गप्प.

"उगीच काहीतरी," अप्पा म्हणाले. झर्रर्र!

तुमच्या लक्षात आलं असेल, अण्णा फक्त मुलाशी बोलत होते. अक्काच्या ते लगेच लक्षात आलं आणि भुतापेक्षा त्या पक्षपातानंच ती जास्त हादरली. चार दिवस त्या खोलीच्या उंबऱ्यावर लिंबू होतं. मी जेवत नव्हते, झोपत नव्हते. माझं वाजवणं बंद केल्यावरही अण्णांचा जीव अडकलेलाच असेल, तर आता त्यांना माझं काय पाहिजे होतं? माझे हात?

रविवारी सकाळी अप्पा आंघोळ करून फोटोपुढं बसले. आम्ही तिघी दाराशी, एकमेकींना धरून.

"अण्णा," अप्पांनी हळूच विचारलं, "दुकानाचं काही राहिलंय?" शांतता.

"अक्कावर राग आहे?" त्याहून हळू. शांतता. अक्कानं माझा दंड सोडला. वळ उठले होते.

मग अप्पा खाकरले. पोटातून, खर्जातून आवाज काढून त्यांनी विचारलं, "पोरीच्या ड्रमचं काही?"

झर्रर्र!

"वाजवू दे म्हणताऽऽ?"

झर्रर्रर्रर्र! धोतराचं टोकसुद्धा हललं.

"आणि कावळ्याचं काय मग?" अक्का रडकुंडीला येऊन म्हणाली.

"त्याला भूक लागली असेल," आई म्हणाली. कुणीतरी तिचं मत ऐकावं, अशी ती त्या महिन्यातली पहिलीच वेळ.

अक्का पाणी प्यायला स्वयंपाकघरात गेली, आई तिच्यामागं. अप्पा उठले, दारापर्यंत आले. कोणी काही बोलत नव्हतं. आणि मागून, अगदी हलकं, झर्र. अप्पा जागच्या जागी वळले. तोंड पांढरंफटक. त्यांनी हात जोडले आणि मला ढकलत बाहेर काढलं.

त्याच संध्याकाळी मी सेटमधला तो बोलका छोटा ड्रम पिशवीत घालून विद्यानगरला सरांकडं नेला आणि सगळी कथा सांगितली. सरांनी ड्रम उलटा केला. खालच्या कातड्याला लागून बारीक तारांची पट्टी असते, तिच्यामुळंच या ड्रमला तो झर्र असा आवाज. बाजूला छोटा खटका. तो सरांनी खाली केला, तारा सैल झाल्या.

"वाजवून झालं की तारा सैल करून ठेवायच्या. नाहीतर शेजारी कुणी खर्जात बोललं तरी हा बोलतो. पहिल्या दिवशी सांगितलं होतं की!"

पहिल्या दिवशी मी ड्रमबरोबर स्वतःचे फोटो काढत होते. म्हणजे पाच वर्षं ड्रम वाजवणारी मी, स्वतःच्याच ड्रमला भिऊन चार दिवस उपाशी!

पण खरं सांगायचं कुणाला? सांगितलं तर परवानगी गेली, धारवाड गेलं. न सांगितलं तर अप्पा बिचारे आपण वडिलांशी बोललो असं समजून जन्म काढणार. मी गप्प बसले. स्वार्थीपणा होता तो, दुसरं काही नाही. कार्यक्रमात मी जीव ओतून वाजवलं. अप्पा पहिल्या रांगेत होते आणि शेवटी ते उभे राहिले तेव्हा मला इतकी लाज वाटली की मी टाळ्यांकडं बघितलंच नाही.

दुसऱ्या दिवशी दुकानात गेले आणि एका दमात सगळं सांगून टाकलं. अप्पांनी मान वर केली नाही. समोरचा हंडा पुसत त्यांनी खर्जात नुसतं "हूंऽऽ" केलं. मागच्या फळीवरच्या पराती गुणगुणायला लागल्या.

"भांड्यांच्या दुकानात जन्म गेला माझा," ते म्हणाले. "कुठल्या सुराला कुठलं भांडं बोलतं, मला कळत नाही होय?"

"म्हणजे तुम्हाला माहीत होतं?"

"पहिल्या दिवशीच. कावळ्यासमोर बोलून गेलो, आणि तुझं तोंड बघवेना मला. अक्काला कावळ्यापेक्षा मोठा साक्षीदार पाहिजे होता. आणला!"

मी तिथंच रडले आणि हसले, दोन्ही. गिऱ्हाईकं बघत होती. मग एकदम आठवलं.

"पण अप्पा, शेवटी हात का जोडलेत? तोंड पांढरं का पडलं?"

अप्पांनी हंडा खाली ठेवला. "पहिले सगळे आवाज मी काढले गं. शेवटचा मी नाही. मी तोंड उघडलं नव्हतं."

रस्त्यावरून ट्रक गेला असेल. नक्कीच ट्रक. मी आता लहान मुलांना ड्रम शिकवते, खटक्याचं शास्त्र पहिल्याच दिवशी समजावते आणि त्यांचे फोन काढून घेते. घरी रियाज झाला की खटका खाली करते, धोतर टाकते, "अण्णा, झालं हं माझं" म्हणते आणि फोटोला पाठ न दाखवता उलट्या पावलांनी खोलीबाहेर येते. म्हणून परवा पुन्हा दारात अक्काला धडकले, आणि चहा पुन्हा तिच्याच अंगावर सांडला.