भावाच्या हातावरचे फोड

माझा स्वभाव मुळातच संशयी. दूधवाल्यानं दोनदा नमस्कार केला तरी माझं डोकं चालायला लागतं. त्यात धाकटा भाऊ फौजेत, आणि त्याची बदली कुठल्याशा बेटावर झालेली. बेटाचं नाव त्यानं सांगितलं नाही. एकदा फोनवर तेवढा बोलून गेला, "अक्का, दिनभर खंदक खोदस नि गोण्यासमा वाळू भरस." युद्ध पेटलं आणि शत्रू समुद्रातून उतरलाच, तर त्याला किनाऱ्यावरच अडवायचं, म्हणून ही तयारी. मग लगेच म्हणाला, "कोनले सांगू नको."

मी सांगितलं नाही. पण त्यापायी त्याची सोयरीक मोडायची वेळ आली.

भडगावला माझ्या माहेरी मुलीकडचे आले होते, धुळ्याहून. मुलगी मला मनापासून आवडली होती. तिचे वडील मात्र माझ्याहून संशयी निघाले. "तुमना भाऊ तठे नेमकं काय करस?" हे त्यांनी पोहे खाताना विचारलं, चहा पितानाही विचारलं. मी म्हटलं, "नोकरी करस." इतकं खोदून विचारणारा माणूस कोणाचा हेर तर नाही ना, असंही मनात येऊन गेलं. धुळ्यात कापडाचं दुकान चालवणारा हेर, पण मला तेव्हा हसू आलं नाही.

शेवटी भावाला व्हिडिओ कॉल लावला. त्याच्यामागे नुसती पांढरी भिंत. मुलीचे वडील म्हणाले, "फोन फिरवा, आजूबाजूनं बठ्ठं दाखाडा." भाऊ म्हणाला, "ते जमाव नही." घाम पुसायला त्यानं हात वर केला आणि तळहातावरचे फुटलेले फोड सगळ्यांना दिसले.

फोन बंद झाल्यावर मुलीच्या वडिलांनी कप खाली ठेवला. "हाऊ फौजी नही, कोठे तरी मजुरी करस."

मला भयंकर राग आला. खरं काय ते ओठांवर आलं होतं, कसंबसं गिळलं. तेव्हा मुलगीच बोलली, "आबा, जो आपले सांगस नही, तो कोनलेच सांगाव नही. माले चालस."

लग्न झालं, भाऊ बेटावर परत गेला. परवा मी माहेरी गेले, तर टीव्हीवर युद्धाच्याच बातम्या. भावजयीला त्याचा फोन आला, तशी ती आतल्या खोलीत गेली. बाहेर आली तेव्हा डोळे लाल होते.

"काय म्हने तो?" मी विचारलं.

"मजामा शेतस," मजेत असल्याचं सांगून ती भाजी निवडायला बसली.

खोटं बोलत होती, मला कळत होतं. एरवी मी तिला सोडलं नसतं. या वेळी पुढे काही विचारलं नाही. ती खरं सांगेल याचीच भीती वाटली.