सहाव्या मजल्यावरचे आठ दिवस

धनवंताबाई पटले एकतीस वर्षं अर्जुनी मोरगावकडच्या एका उपकेंद्रात नर्स होत्या. दोन हजार तेरा साली सेवानिवृत्त झाल्या आणि पुढच्याच जानेवारीत, जन्मात पहिल्यांदा, विमानात बसल्या. सोबत नवरा उदेभान. पिशवीत घरच्या धानाचे तांदूळ आणि लाखोळीच्या डाळीच्या वड्या. लेक भाग्यश्री शारजाला होती. तिला पाहून तीन वर्षं झाली होती.

विमानतळावर लेक नव्हती, गाडीवाला होता. त्यानं त्यांना लेकीच्या घरी नेलंच नाही. जावई रूपेशनं आठ दिवसांसाठी, सुट्टीवर आलेल्या लोकांना देतात तसला फ्लॅट घेऊन ठेवला होता.

"आमचं घर लहान पडते, आई," भाग्यश्री फोनवर म्हणाली. "तिथं तुम्हाले मोकळं वाटंन."

तिनं आधी पाठवलेल्या फोटोत खिडकीतून समुद्र दिसत होता. प्रत्यक्षात खिडकीसमोर हातभरावर शेजारच्या इमारतीची भिंत होती. गादीत ढेकूण. न्हाणीची नाली तुंबलेली, आंघोळ केली की घोट्याएवढं पाणी. दुसऱ्या दिवशी लिफ्ट बंद पडली. उदेभानच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं. सहा मजले उतरणं त्यांच्यानं शक्य नव्हतं. फ्लॅटवाल्याचा फोन नुसता वाजत राहायचा.

भाग्यश्री दुपारी तासभर यायची. पूर्ण बाह्यांचा कुडता, हातात मोबाइल, नजर त्याच्यावर. चौथ्या दिवशी ती तार घेऊन नाली मोकळी करायला बसली आणि तिनं बाही वर सारली. धनवंताबाई दारात उभ्या होत्या. दंडावर चार बोटांचे निळे वळ, त्याखाली जुने, पिवळे पडलेले. कुठला वळ किती दिवसांचा, हे त्यांना कुणी सांगायची गरज नव्हती.

"हे काय वो?"

"न्हाणीत पडली, आई."

उपकेंद्रात बाया हेच सांगायच्या. न्हाणीत पडली, बैलानं मारलं, चुलीजवळ घसरली. धनवंताबाई मलम लावायच्या, रजिस्टरमध्ये 'पडून मार' लिहायच्या आणि म्हणायच्या, "जा बाई घरी. लेकरं आहेत, सांभाळून घे." बाई गेली की त्या पुढचा पेशंट बोलवायच्या. ती कुठं गेली, पुढं काय झालं, हे त्यांनी कधी विचारलं नव्हतं.

"चाल आमच्यासंग," त्या हळूच म्हणाल्या.

"पासपोर्ट त्याच्यापाशी आहे."

"मी बोलतो त्याच्याशी," धनवंताबाई म्हणाल्या.

"नको. तुम्ही निघून जासान, मंग मलेच भोगा लागंन." तिनं बाही खाली ओढली.

आतून उदेभाननं हाक मारली, "काय बोलून राहिल्या वो दोघी?"

"नाली साफ करून राहिलो," धनवंताबाई म्हणाल्या.

पाचव्या दिवशी भाग्यश्री आली नाही. ताप आहे, असा निरोप आला. सहाव्या दिवशी धनवंताबाई सहा मजले उतरून खाली गेल्या. चौकीदार हिंदी बोलणारा होता. त्यानं विचारलं, "माताजी, जाना कहाँ है?" तेव्हा त्यांच्या ध्यानात आलं, लेकीच्या घराचा पत्ता आपल्याला माहीतच नाही. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना एकसारख्या इमारती. त्या तासभर तिथं उभ्या राहिल्या आणि भिंतीला धरून परत वर चढल्या.

आठव्या दिवशी गाडीवाला आला. त्यानं आणि चौकीदारानं उदेभानना धरून धरून खाली उतरवलं. भाग्यश्री आली नाही. विमानात उदेभान म्हणाले, "पोरगी बदलली. आईबापाले घरात घेतलं नाही तिनं." धनवंताबाईंनी वळांचं त्यांना सांगितलं नाही. गावी आल्यावरही महिनोन् महिने सांगितलं नाही.

डिसेंबरात भाग्यश्री एकटीच परतली, एका बॅगेनिशी. शारजातल्या शेजारच्या एका बाईनं पासपोर्टाचं जमवून दिलं होतं. गोंदिया स्टेशनवर तिनं उजव्या हातानंच बॅग उतरवली. डावं मनगट वळत नव्हतं. धनवंताबाईंनी फलाटावरच ते चाचपून पाहिलं. हाड मोडलेलं, प्लास्टर न घालता वाकडं जुळलेलं.

"कवा झालं हे?"

"तुम्ही तिथं होते तवाच. तापाचा निरोप आला ना, त्या दिवशी."

उदेभान ऐकत होते. त्यांनी तिची बॅग आपल्या हातात घेतली.

त्याच आठवड्यात धनवंताबाई लेकीला घेऊन पोलीस ठाण्यात गेल्या. लिहून घेणाऱ्यानं विचारलं, "पडल्या होत्या का?"

"नाही," त्या म्हणाल्या. "मारलं. तसंच लिहा."

हात मात्र पुन्हा सरळ झाला नाही.