रुपरावच्या हातचं पाणी

नागपूरच्या नंदनवन भागातल्या एका खासगी दवाखान्याच्या तळघरात गॅसवर चालणारं इंजिन होतं आणि त्याची बडदास्त ठेवायला मौद्याकडचा रुपराव होता. इंजिन वीज करायचं आणि एरवी धुराड्यातून वाया गेली असती, ती उष्णता पाणी तापवायची. त्याच पाण्यावर चादरी धुतल्या जात, वॉर्डातल्या आंघोळी उरकत. मागच्या अंगणातही एक नळ होता. रोग्यांसोबत आलेली खेड्यांतली माणसं तिथंच पथारी टाकून राहायची आणि नागपूरच्या थंडीत त्यांना त्या नळाचा मोठा आधार होता.

नळाची चावी रुपरावच्या खिशात असायची. पहाटे तो इंजिनाच्या कढत पाण्यात बेतानं गार मिसळायचा, आधी स्वतःचे हातपाय धुवायचा आणि मगच नळ लोकांसाठी सोडायचा. त्यामुळे नळ सुरू आहे म्हणजे रुपरावनं पाणी बघितलं आहे, हे सारे धरून चालत. बोट बुडवून पाहणं कुणाच्या मनातही येत नसे. रुपरावला याचा अभिमान होता आणि तो लपवायची त्याला गरजही वाटत नव्हती.

यंदा जानेवारीत तपासणी आली. जळलेल्या गॅसपैकी ठरलेला वाटा वीज आणि उपयोगी उष्णता म्हणून दिसला नाही, तर इंजिन बंद, असं वरच्या मंडळींनी ठरवून टाकलं होतं. इंजिन गेलं की नळ जाणार आणि रुपरावही घरी जाणार. त्यात नेमकं कपडे धुण्याचं यंत्र बिघडलेलं. तापलेल्या पाण्याला गिऱ्हाईकच नव्हतं. उन्मेष नावाचा तरुण इंजिनिअर डोक्याला हात लावून बसला. उष्णता वापरली गेली तरच मोजायची, नाहीतर ती फुकट, असं तो पुन्हा पुन्हा सांगत होता.

मग रुपरावलाच सुचलं.

"साहेब, अंगणातला नळ सोडून देऊ. गार पानी बंदच ठेवतो, म्हणजे गरम जास्त जाईन. मीटर तं खालीच हाये, वर गेलं तेवढं गरम पानी मोजते."

उन्मेषला ते पटलं. नळ वाचवायचा तर नळच कामाला लावायचा, यात वाईट काय, असं रुपरावलाही वाटलं. पहाटे त्यानं गार पाण्याचा व्हॉल्व्ह बंद केला, नळ पूर्ण सोडला आणि तपासणीवाले येतात म्हणून धावत तळघरात गेला. अंगणात सांगायचं त्याच्या ध्यानातच राहिलं नाही. कुणाला सांगायची वेळ त्याच्यावर आजवर कधी आलीच नव्हती.

अंगणात मुक्कामाला असलेल्या, वयानं थकलेल्या यमुताई त्या वेळी उठल्या. त्यांचा नवरा वर वॉर्डात होता आणि त्याला भेटायच्या आधी आंघोळ करायची, असा त्यांचा नेम होता. नळ सुरू दिसला. धुक्यात वाफ वेगळी ओळखू येत नव्हती. त्यांनी बादली भरली आणि पहिला मोठा मग थेट पाठीवर ओतला.

तळघरात इंजिनाच्या आवाजात रुपरावला काही ऐकू आलं नाही. कुणीतरी खाली येऊन सांगितलं, तेव्हा तो वर पळाला. यमुताईंना स्ट्रेचरवर पालथं निजवलेलं होतं. पाठीकडे त्याच्यानं बघवेना. त्यांनीच त्याला ओळखलं.

"रुपरावभाऊ, तुमच्या हातचं पानी म्हनून मी पाह्यलंच नाही गा."

त्यांच्या बोलण्यात राग नव्हता. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं, असं रुपरावला वाटलं.

दुपारी इंजिन पास झालं. उन्मेषनं खाली येऊन सांगितलं, पण त्याचाही चेहरा उतरलेला होता.

"साहेब, यमुताईच्या अंगावर पडलं, ते पानी उपयोगीत धरलं का?"

उन्मेषनं हातातला तपासणीचा कागद उलगडून आकडे पाहिले.

"धरलं," तो म्हणाला. "मीटरच्या पुढे काय झालं, ते मीटरला कळत नाही."

तीन दिवसांनी भाजल्याच्या जखमा चिघळून यमुताई गेल्या. त्यांच्या नवऱ्याला ते कसं सांगायचं, यावर वॉर्डात अजून कुजबुज चालू होती.

त्या गेल्या त्याच्या दुसऱ्या पहाटे रुपराव अंगणात गेला. गार पाणी मिसळलं, हातपाय धुतले, तोंडही धुतलं आणि नळ सोडून बाजूला उभा राहिला. माणसं बादल्या घेऊन आली. पहिल्यानं वाकून बोट बुडवलं, मग दुसऱ्यानं, मग प्रत्येकानं. रुपरावनं खिशातली चावी काढून नळाच्या कठड्यावर ठेवली आणि तो तळघरात उतरला.