शेळीची अर्धी भाकरी

स्पिरिटचा वास आला की मला लोहाऱ्यातली ती शेळी आठवते. दुष्काळाचं वर्ष होतं. मी दूध संघाच्या दवाखान्यात जनावरांचा नवा डॉक्टर होतो आणि माझ्या इंजिनिअर मित्रानं माणसांना श्वास देणारं यंत्र बनवलं होतं. त्याची परीक्षा आधी शेळीवर घ्यायची ठरली. शेजारच्या एकट्या म्हातारीनं शेळी दिली, पण बजावून, "जित्ती वापस द्या, डॉक्टरसाहेब." मीही तिला बजावलं, रात्रीपासून चारा बंद. सकाळी मी नाटकातल्या राजाच्या ऐटीत शेळीच्या मानेच्या शिरेत भुलीचं इंजेक्शन दिलं. ती कलंडली, श्वास थांबला, आणि घशात नळी घालणार तोच भाकरीचा लगदा वर आला! "आजी, हिला चारलंत?" मी किंचाळलो. "व्हय," दारातून म्हातारी म्हणाली, "माझ्यातलीच अर्धी दिली. हिला उपाशी ठिवून एकटीच्या नरड्याखाली घास उतरंना." माझी ऐट तिथंच संपली. शेळीचं डोकं खाली लोंबतं धरून मी बोटांनी घसा साफ केला, नळी घातली, आणि यंत्राच्या फुसफुशीबरोबर तिची छाती हलली. मित्र नाचला. म्हातारी मात्र भूल उतरेपर्यंत शेळीचा कान धरून बसली आणि ती उठताच म्हणाली, "चल माय, अजून चतकोर हाय." परवा माझंच ऑपरेशन होतं. नर्सनं दरडावून विचारलं, "काका, घरच्यांनी लाडानं काही खाऊ नाही ना घातलं?" "छे हो," मी हसत म्हणालो, "तेवढी चूक करणारं घरी कुणी नाही."