ज्योत्स्नाचा तोतया

गंगापूर रोडवरच्या त्या ऑफिसात सगळे त्याला स्टब म्हणायचे. ज्योत्स्ना त्याला तोतया म्हणायची, आणि खरं सांगायचं तर तिचा त्याच्यावर जीव होता. मळ्यातला माल बाजारात पोचवणाऱ्या गाड्यांचं एक ॲप तिची कंपनी बनवत होती. गाड्यांचा खरा सर्व्हर अजून तयार व्हायचा होता, तोवर त्याच्या जागी हा ठरलेली उत्तरं देणारा खोटा प्रोग्राम उभा. सकाळी आल्या आल्या कॉम्प्युटरवर काळी खिडकी उघडायची, एका ओळीचा हुकूम टाइप करायचा, एंटर मारायचं, की बेटा 'ऐकतोय' असं लिहून बसलाच.

विचारा, गाडी निघाली का? म्हणणार, निघाली. किती वेळ लागेल? अर्धा तास. हजारदा विचारलं तरी तेच, न कंटाळता. तिच्या आणि पुण्याच्या टीमने मिळून एक करार लिहिला होता, प्रश्न कसा यायचा आणि उत्तर कोणत्या साच्यात जायचं याचा. तो साचा तपासायचा हे ज्योत्स्नाचं काम. उत्तर खरं आहे का, हे करारात कुठेच विचारलेलं नव्हतं.

चहाचा कप हातात घेऊन ती त्या खिडकीत हरवून जायची. आत तिला एक गाव दिसायचं. धुक्यातून एकामागून एक गाड्या सुटताहेत, एकही पंक्चर नाही, कोणाचं फूल उन्हात मान टाकत नाही. मातोरीकडच्या मळ्यात वाढलेली पोर, तिला दुसरं दिसणार तरी काय! शेजारची रोहिणी टेबलावर टिचकी मारायची, तेव्हा कुठे बाईसाहेब जमिनीवर यायच्या.

इतर लोक नमुन्याच्या माहितीत 'टेस्ट एक', 'टेस्ट दोन' असलं काहीबाही घालतात. ज्योत्स्नाला ते जमेना. आपल्या गावात असली बिननावाची माणसं? छे. तिने शेतकऱ्याच्या जागी लिहिलं: नवसाबाई, झेंडू, चार क्रेट. खाली पाठ असलेला मोबाइल नंबरही दिला ठोकून. नवसाबाई म्हणजे तिच्या घराशेजारच्या मळ्यातली आत्या. एकटी राबणारी, तोंडाने फटकळ, पण लहानग्या ज्योत्स्नाला कडेवर घेऊन फुलं तोडलेली.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी सकाळी खिडकीत ओळींमागून ओळी सरकू लागल्या. कोणीतरी सारखं विचारत होतं, तोतया सारखा सांगत होता. ज्योत्स्ना कौतुकाने बघत बसली. दुपारी दोनला पुण्याहून महेशचा फोन आला. शेतकऱ्यांना मेसेज पाठवायचं काम त्याच्या टीमकडे होतं, आणि आज त्यांनी ते तोतयाला जोडून पाहिलं होतं. त्याने सहज विचारलं, की तुझ्या नमुन्यातला नंबर खरा आहे का गं, साडेनऊला 'गाडी निघाली'चा मेसेज पोचल्याची पावती आलीय.

नंबर खराच होता. गाड्या सुरू झाल्या की मेसेज येईल, मग गावातल्या पिकअपवाल्या दिनेशची मिनतवारी करायला नको, असं ज्योत्स्नानेच आत्याला सांगून ठेवलेलं. तिने आत्याला फोन लावला, तो बंद. मग स्कूटर काढली. वाटेत एक मालाची रिक्षा अडवून मागे यायला सांगितलं आणि थेट मातोरीचा फाटा गाठला.

नवसाबाई रस्त्याकडेला बाभळीखाली बसली होती. शेजारी चार क्रेट, वर ओलं गोणपाट. दिनेश दहाला येऊन गेला, तिने सांगितलं. जा बाबा, माझी गाडी निघालीय, असं म्हणून तिनेच त्याला लावून दिलं होतं. जेवायलाही गेली नव्हती, न जाणो गाडी येऊन निघून जायची. ज्योत्स्नाने गोणपाट उचलून क्रेटमध्ये हात घातला. वरचा थर ठीक होता. खालची फुलं गरम लागत होती, काळवंडायला लागली होती. चारातले दोन क्रेट गेल्यात जमा होते.

गाडी बंद पडली म्हणावं, असं क्षणभर तिच्या मनात आलं. साच्यात चपखल बसलं असतं. पण आत्याचे सुकलेले ओठ बघून तिला ते बोलवेना.

"आत्या, गाडी नव्हतीच. तो मेसेज खोटा होता. मीच लिहिलेलं उत्तर होतं ते."

नवसाबाईने गोणपाट पुन्हा क्रेटवर ओढलं.

"मंग माझंच नाव कशाला घातलं गं त्याच्यात?"

ज्योत्स्नाला रडू फुटलं. "तुझी गाडी रोज वेळेवर निघते, ते बघून मला बरं वाटायचं."

"तुला बरं वाटायचं," नवसाबाई म्हणाली. ज्योत्स्ना हात लावायला पुढे झाली, तेव्हा आत्याने तिचा हात बाजूला केला, आणि पहिला क्रेट एकटीनेच उचलून रिक्षात ठेवला.